चारशे तेरा

पहाटे साडेचारला कॅम्पची गाडी निघते.
दिग्दग्याच्या पुढं डांबर संपतं,
मग तारेचं कुंपण, फाटक, पाटी: राखीव क्षेत्र.
उंटांना आत मज्जाव.
तरी लेंड्या आत असतात,
आणि लेंडीत बी.

कापायचं कसं, ते खमीसनं पहिल्याच दिवशी दाखवलं.
वरून नाही. वाळू उकर, वीतभर खाली जा,
खोडाचं मूळ होतं तिथं करवत लाव.
वर कापलंस तर एकाचे दहा फुटतात.
मग लगेच ब्रश, डिझेलात कालवलेलं निळं औषध,
जखम ओली आहे तोवर.

मला हसू आलं.
ही तर आमची येडी बाभळ.
सांगोल्याच्या माळावर हिलाच तोडून
आईनं भट्ट्या लावल्या, कोळसा पोत्यांत भरला.
माझी दहावी, आयटीआय, एजंटाचे पैसे,
सगळं हिच्याच धुरातून आलं.
आईच्या टाचेत हिचा एक काटा अजून आहे.
डॉक्टर म्हणाला, राहू दे, आता तो तुझाच झाला.

इथं हिला गुवैफ म्हणतात.
गाफ हे इथलं मूळचं झाड. गुवैफ म्हणजे छोटा गाफ.
लाडाचं नाव.
कुणीतरी सावलीसाठी आणली, पाणी घालून जगवली,
आणि मग तिनं विहिरी पिऊन टाकल्या.

गुल मर्जान म्हणतो, ही पण आपल्यासारखीच, बाहेरची.
मी म्हणतो, हिच्या मुळांना पाणी लागलंय.
आपल्याला कुठं लागलंय?

गाफ मात्र मी ओळखला नव्हता.
व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला
तर ती डोक्यावर पदर घेत म्हणाली,
आरं, शमी हाय ती. पाया पड.
पडलो नाही. सगळे बघत होते.
पण तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत
करवती, कोयते, हेल्मेटं त्या झाडाला टांगलेली दिसली
की मी मांडी घालून नीट बसतो.

मोठी झाडं चुकत नाहीत. रोपं चकवतात.
काटे बघ, खमीस सांगतो.
पेरापाशी जोडीनं असतील तर गुवैफ.
दोन पेरांच्या मधे एकेकटे, तर गाफ.
त्याला हात लावायचा नाही.
दंड माझ्या कितीतरी पगारांएवढा.

ऑक्टोबरातला गुरुवार. चष्म्यावर घाम.
शेळ्यांनी कुरतडून कुरतडून
गुडघ्याएवढंच ठेवलेलं एक झुडूप,
मी उकरलं, कापलं, निळं लावलं,
फांदी ढिगावर टाकताना हातमोज्यात अडकली.
काटे एकेकटे होते.

वर गुडघाभर. खाली किती परस, कोण जाणे.
बाहीनं पुसलं. बाटलीतलं पाणी ओतलं.
निळं पाण्याबरोबर खालीच गेलं.

संध्याकाळी बिष्णुमान वही घेऊन आला.
किती?
चारशे तेरा, मी म्हणालो.
त्यानं लिहिलं. खमीसनं सही केली.
आकडा बरोबरच होता, म्हटलं तर.

दसऱ्याला आईचा फोन आला.
तिकडं तर शमीच शमी, तुझं बरंय, म्हणाली.
मी म्हणालो, आवाज तुटतोय.

आता थंडीत पाहणी सुरू आहे.
औषध जिथं नीट बसलं नाही तिथून फुटवे येतात,
ते मोजायचे, पुन्हा कापायचे.
सगळे आपापल्या ओळीतून चालतात,
आपल्या वाट्याला हिरवं काही दिसू नये म्हणत.
मी गाडीकडून सातव्या ओळीत उकिडवा बसतो,
बोटांनी वाळू बाजूला सारतो,
एका बुंध्याभोवती,
माझं काम कच्चं निघावं म्हणून.